मोठ्यांची काळोखी चित्रकथा पहिल्यांदा वाचताना

सुरुवातीलाच एक सूचना, स्वतःच्या चुकीतून आलेली. असलं पुस्तक स्वतः वाचल्याशिवाय कोणाला भेट देऊ नका. मी दिलं होतं. मुखपृष्ठावर सूट घातलेला हिरवा किडा, पातळसं पुस्तक, पानावर दोन-चार ओळी. भाचा सात वर्षांचा, किडेमुंग्यांचं वेड असलेला. मला वाटलं, जमलं. रात्री साडेनऊला ताईचा फोन आला. "तू वाचलंयस का रे हे?" भाचा केव्हाच झोपला होता. पुस्तक घेऊन ताईच जागी बसली होती. तिच्या ऑफिसात त्याच आठवड्यात माणसं कमी केली होती.

ते पुस्तक म्हणजे शॉन टॅन यांचं 'सिकाडा', २०१८ सालचं. सिकाडा म्हणजे झाडावर बसून कर्कश ओरडणारा, पंखांचा किडा. टॅन ऑस्ट्रेलियाचे, जन्म १९७४, पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटलचा. वडील मलेशियातून आलेले, चिनी वंशाचे. २०११ साली त्यांना एका छोट्या ॲनिमेशनपटासाठी ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी स्वीडनचा ॲस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कारही. हा दुसरा पुरस्कार बालसाहित्याचा आहे, त्यामुळे माझ्यासारख्या मामांची फसगत होणं साहजिकच.

प्राण्याची गोष्ट, पानभर चित्रं, आणि तरी लहानांसाठी नाही: हा प्रकार तुम्हाला नवा असेल तर कुठून धरायचा, एवढंच इथे सांगतो. 'सिकाडा' हाताशी धरूनच सांगतो, कारण हवेत बोलून हे कळत नाही.

पहिली पायरी: तात्पर्य बाजूला ठेवा

आपल्याला शाळेने गोष्ट शेवटच्या ओळीपासून वाचायला शिकवलं. 'तात्पर्य' लिहायचं, त्यापुढे एक वाक्य, आणि दोन मार्क खिशात. इसापाच्या गोष्टी १९व्या शतकाच्या आरंभी तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यातून मराठीत आल्या, तेव्हा पुस्तकाचं नावच होतं 'बालबोध मुक्तावली'. प्राणी बोलायला लागले की समोर बाळ बसलंय आणि त्याला बोध द्यायचाय, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली असावी.

मूळ पंचतंत्र मात्र इतकं सोज्वळ नाही. पहिलंच तंत्र घ्या, मित्रभेद. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची दाट मैत्री. दमनक कोल्हा दोघांचे कान भरतो. सिंह बैलाला मारतो, मग हळहळतो, दमनक त्याची समजूत घालतो आणि मंत्री म्हणून मजेत राहतो. त्या कपटी कोल्ह्याचा कोणी हिशेब करत नाही. ८व्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी ही गोष्ट अरबीत नेली तेव्हा 'कलीला व दिम्ना'मध्ये एक जादा प्रकरण आलं. त्यात त्या कोल्ह्यावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. म्हणजे मनाला बरं वाटणारा शेवट नंतर टाचलेला आहे. याच अरबी पुस्तकाच्या प्रस्तावनेत चित्रांबद्दलही लिहिलंय: ती राजांच्या मनाला रिझवण्यासाठी आहेत. त्यामुळे ग्रंथालयात कोणी "हे मुलांचं पुस्तक कशाला?" म्हणून बघितलं, तर ओशाळायचं कारण नाही. राजेही हेच वाचत होते.

आपल्याकडे या वाचनाची एक तयारी झालेली आहे, फक्त ती आठवायला हवी. 'चांदोबा'तला विक्रम-वेताळ. शंकर यांनी काढलेलं ते चित्र: एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. गोष्ट संपली की वेताळ तात्पर्य सांगत नसे, तो प्रश्न विचारायचा. माहीत असून उत्तर दिलं नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होऊन तुझ्याच पायांवर लोळू लागतील. उत्तर दिलं तर प्रेत परत झाडावर. काळोखी चित्रकथा वाचायला हीच बैठक लागते. गोष्ट खांद्यावर घ्यायची, आणि ती निसटणार हे धरून चालायचं.

दुसरी पायरी: प्रत, उजेड, वेळ

शक्यतो छापील प्रत मिळवा. फोनवर जोडपान दोन तुकड्यांत येतं आणि चित्रकाराने डावीकडून उजवीकडे नजर कशी नेलीय, ते सगळं वाया जातं. छापील मिळालंच नाही तर लॅपटॉपवर दोन पानं शेजारी-शेजारी लावा. वाचनालयात शोधत असाल तर मुलांच्या कपाटात बघा, बहुधा तिथेच ठेवलेलं असतं.

वाचायला दिवसाचा उजेड बरा. 'सिकाडा'चा बराचसा भाग राखाडी रंगात आहे. पिवळ्या दिव्याखाली राखाडीच्या छटा एकमेकींत मिसळून जातात. गोष्ट वाचायला पाच मिनिटं लागतात, म्हणून लोक लोकलमध्ये उभ्या-उभ्या वाचून टाकतात आणि म्हणतात, "बरं होतं." अर्धा तास काढा. एकाच बैठकीत दोन फेऱ्या होतील इतका.

इथून पुढे मी गोष्ट फोडणार आहे. पुस्तक मिळण्यासारखं असेल तर आधी वाचून या.

तिसरी पायरी: शब्द झाकून चित्रं बघा

पहिल्या फेरीत मजकुरावर हात किंवा कागद ठेवा. हे पोरकट वाटतं, पण त्याशिवाय डोळा चित्रावर टिकत नाही. आपण अक्षरं शिकलेली माणसं. शब्द दिसला की चित्र शोभेचं होऊन जातं.

काय बघायचं? आधी रंग. ऑफिस राखाडी, भिंती राखाडी, सूट राखाडी. हिरवा फक्त किडा. मग माणसं कुठे आहेत ते बघा. पाय दिसतात, कोट दिसतात, किड्याला खाली पाडून त्याच्यावर ठेवलेला बूट दिसतो. चेहरा दिसत नाही. चित्रकार चौकट अशी कापतो की माणूस धडापुरताच उरतो. आणि ज्याला चेहरा आहे तो किडा. त्या चेहऱ्यावरही आपल्याला वाचता येईल असा भाव नाही, कारण किड्याच्या तोंडाला भुवया आणि ओठ नसतात. नवखा वाचक इथे चटकन दया ओततो. "बिचारा!" थोडं थांबा. तो दुःखी आहे हे चित्रात कुठे आहे? ते दुःख आपण घातलंय. चित्रकाराने जागा रिकामी सोडलीय. शेवटच्या पानावर ती तुम्हाला महागात पडणार आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

प्राण्यांना कपडे घालण्याची युक्ती जुनी आहे. फ्रेंच कवी ला फोंतेनच्या प्राणिकथांना १८३८ साली ग्रांव्हील यांनी चित्रं काढली, त्यांतले प्राणी माणसांच्या पोशाखात वावरतात. तिथे कपड्यांवरून प्राण्याचा हुद्दा कळतो. इथे सूट घालूनही किड्याला हुद्दा मिळत नाही.

चित्रात काय दाखवलं नाही, हेही बघायचं असतं. काफ्काचं उदाहरण याबाबतीत फार उपयोगी. त्याच्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये एक नोकरदार माणूस सकाळी उठतो तो किडा होऊनच. १९१५ साली 'मेटामॉर्फोसिस' पुस्तकरूपात येत होतं, तेव्हा मुखपृष्ठावर चित्रकार किडा काढील या धास्तीने काफ्काने प्रकाशकाला पत्र लिहिलं: तो किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. शेवटी मुखपृष्ठावर आला तो दारापाशी चेहरा झाकून उभा असलेला माणूस. आता टॅन बघा. त्यांनी नेमकं उलटं केलंय: किडा पूर्ण उजेडात, माणसाचा चेहरा गायब. दोन्ही पुस्तकांत किडा आहे आणि नोकरी आहे, पण झाकलेली गोष्ट वेगळी. माझ्या मते चित्रकथा वाचायला शिकायचं म्हणजे बरंचसं हेच: काय झाकलंय ते ओळखणं.

चौथी पायरी: आता शब्द, आणि तेही मोठ्याने

दुसऱ्या फेरीत कागद काढा आणि मजकूर मोठ्याने वाचा. गोष्ट सिकाडाच सांगतो, मोडक्या इंग्रजीत. सतरा वर्षं उंच इमारतीत डेटा भरायचं काम. आजारपणाची रजा नाही, एकही चूक नाही, बढतीही नाही. ऑफिसचं स्वच्छतागृह वापरायला मिळत नाही, दूर शहरात जावं लागतं आणि त्या वेळेचे पैसे पगारातून कापले जातात. भाडं परवडत नाही म्हणून ऑफिसच्याच भिंतीच्या पोकळीत राहायचं, कंपनी दुर्लक्ष करते. आणि दर तुकड्याच्या शेवटी एक आवाज: टॉक टॉक टॉक.

हा आवाज कसला, ते लगेच ठरवू नका. पहिल्या पानावर तो कीबोर्डचा वाटतो. नंतर घड्याळाचा. नंतर किड्याचा स्वतःचा. मोठ्याने वाचलं की दर वेळी तुमचाच सूर बदलतो, आणि तो कुठे बदलला याची खूण कागदावर करून ठेवा. माझा बदलला तो मारहाणीच्या पानावर. तिथे ते तीन शब्द मला नीट म्हणताच आले नाहीत.

इंग्रजी अवघड वाटत असेल तर घरी बसून मराठी करून बघा. वाक्यं इतकी छोटी आहेत की तासाभरात होतं, आणि त्या तासात गोष्ट जितकी उलगडते तितकी दहा वेळा वाचून उलगडत नाही. पहिली अडचण येईल मोडकेपणाची. मराठीत "सतरा वर्षं. रजा नाही. चूक नाही." हे मोडकं वाटतच नाही. आपण रोज असंच बोलतो. मग परकेपणा आणायचा कसा? नुकतंच मराठी शिकलेल्या माणसाच्या लिंगाच्या चुका घालाव्यात का? घातल्या तर वाचक हसेल, आणि तेच तर त्या ऑफिसातली माणसं करतात. दुसरी अडचण त्याहून मोठी. मूळ मजकुरात सिकाडा तो की ती, हे कळतच नाही. मराठी क्रियापद ते विचारल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. 'गेला', 'गेली' की 'गेलं'? मी या लेखात 'तो' लिहितोय ते निव्वळ 'किडा' शब्दाच्या आधाराने. 'ते' लिहून बघा, वाक्य एकदम कार्यालयीन होतं, वस्तूबद्दल बोलावं तसं. एके ठिकाणी मात्र मराठी आपणहून धावून येते. सिकाडा माणूस नाही, म्हणून मनुष्यबळ विभागाला त्याचं काही देणं लागत नाही, असा तो विनोद आहे. 'मनुष्यबळ' या शब्दात तो जसाच्या तसा बसतो.

पाचवी पायरी: छतावर सावकाश

सतरा वर्षांनी सिकाडा निवृत्त होतो. निरोप समारंभ नाही, कोणी हात मिळवत नाही, टेबल साफ कर एवढंच सांगतात. मग तो इमारतीच्या छतावर जातो, कडेला उभा राहतो.

या पानावर काय वाटतं ते तुम्हाला कळलंच असेल. पुस्तकाला ते वाटायला हवंच आहे. म्हणून साधी व्यवहाराची गोष्ट सांगतो: तुमचे स्वतःचे दिवस वाईट चालले असतील तर हे पुस्तक आत्ता एकट्याने वाचू नका. ते कुठे जात नाही. आणि मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत असतो.

पुढच्या चित्रांत सूटातल्या त्या हिरव्या शरीराला चीर जाते आणि आतून लालभडक, पंखांचा जीव बाहेर येतो. राखाडी पुस्तकात पहिल्यांदा आग लागल्यासारखा रंग. मग आकाशात तसे असंख्य, सगळे जंगलाकडे निघालेले. इथे शब्द थांबतात. तुम्हीही थांबा. पान उलटायची घाई करू नका.

आणि शेवटी, जंगलातून, सिकाडा सांगतो की कधीकधी माणसांची आठवण येते आणि हसू आवरत नाही.

ताईने फोन केला होता तो या वाक्यामुळे. "मी त्याच्यासाठी रडत होते रे," ती म्हणाली, "आणि तो मला हसतोय." रिकाम्या चेहऱ्यात आपण ओतलेलं दुःख इथे असं परत येतं.

सहावी पायरी: खरा किडा शोधा

प्राणिकथा वाचून झाली की त्या प्राण्याबद्दल दोन पानं तरी वाचा. लेखकाने तोच प्राणी का घेतला, याचं उत्तर पुष्कळदा निसर्गातच असतं. सतरा हा आकडा टॅन यांच्या मनचा नाही. उत्तर अमेरिकेत सिकाडाच्या काही जाती आयुष्याची १३ किंवा १७ वर्षं जमिनीखाली, मुळांतला रस शोषत काढतात. मग एकाच हंगामात लाखोंनी वर येतात, झाडावर चढून कात टाकतात, पंख फुटतात, काही आठवडे ओरडतात, अंडी घालतात आणि मरतात. २०२४ साली १३ वर्षांचा एक आणि १७ वर्षांचा एक असे दोन जथे अमेरिकेत एकाच वर्षी वर आले. त्या जोडीचा असा योग आधी आला होता १८०३ साली.

हे कळल्यावर ऑफिस म्हणजे जमिनीखालचा काळ होतो आणि छतावरची चीर म्हणजे कात. पण त्याच माहितीत दुसरा काटाही आहे: पंख फुटल्यावर उरतात काही आठवडे. मग ते हसू सुटकेचं म्हणायचं की कसलं? पहिल्यांदा वाचताना मला ते विजयाचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर रानातून चाललात तर हा आवाज कानठळ्या बसवतो, आणि झाडाच्या सालीवर रिकामी, पाठीवर चिरलेली कात चिकटलेली सापडते. ती एकदा हातात घ्या. याच आवाजावर जपानी कवी बाशोचा १६८९ सालचा हायकू आहे, यामादेराच्या डोंगरावरच्या देवळात सुचलेला: शांतता; आणि कातळात मुरत जाणारा सिकाडाचा आवाज. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत रुळला, त्यामुळे तो आपल्याला परका नाही. 'सिकाडा'चं शेवटचं पान आणि हा हायकू शेजारी ठेवून वाचा.

त्यानंतरचं पुस्तक

लगेच दुसरं घेणार असाल तर वोल्फ एर्लब्रुख यांचं 'बदक, मृत्यू आणि ट्यूलिप' घ्या. मूळ जर्मन, २००७ सालचं, इंग्रजीत मिळतं. एर्लब्रुख वुपरटालचे, १९४८ ते २०२२. टॅन पान भरून टाकतात, हे पान रिकामं ठेवतात, त्यामुळे तुलनेला छान. बदकाला जाणवतं की कोणीतरी मागे-मागे येतंय. तो मृत्यू असतो: कवटीचं डोकं, चौकड्यांचा लांब झगा. दोघांची दोस्ती होते. तळ्यात भिजून मृत्यूला थंडी वाजते, तेव्हा बदक विचारतं, ऊब देऊ का? असं त्याला आजवर कोणी विचारलेलं नसतं. हिवाळ्यात हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो.

आपली अडचण इथे वेगळीच होते. मृत्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रेडा, पाश आणि चित्रगुप्ताची वही. एर्लब्रुखच्या मृत्यूकडे वही नाही. बदकाने काय पाप-पुण्य केलं ते तो विचारत नाही. सुरुवातीच्या पानांवर त्याचे हात पाठीमागे का आहेत, एवढं बघा. मी तीनदा वाचलं, तेव्हा दिसलं.

कोणासोबत वाचायचं असेल तर दोघं पुरे, आणि एक नियम पाळा: पुस्तक मिटल्यावर पहिली दहा मिनिटं "लेखकाला काय म्हणायचंय" हे कोणी बोलायचं नाही. कुठल्या चित्रावर थांबलात तेवढंच सांगायचं. आमच्या घरी हा नियम ताईने मोडला, मग मी मोडला, आणि वाद रात्री बारापर्यंत चालला.

भाच्याला मी नंतर फुलपाखरांचं पुस्तक आणून दिलं. 'सिकाडा' ताईच्या ऑफिसच्या खणात आहे. दोनदा मागून झालं, अजून परत दिलेलं नाही.